गावी पुतण्याला दारूचे व्यसन लागले आहे; मुंबईत राहून काय करता येईल?

लालबागकर यांचा प्रश्न

आमचे गाव सावंतवाडी तालुक्यात आहे. थोरल्या भावाचा मुलगा २२ वर्षांचा असून आयटीआय झाल्यापासून घरीच आहे. पूर्वी तो सणासुदीला घ्यायचा. आता सकाळी चहाची कपबशी धरताना त्याचे हात कापतात आणि थोडी पोटात गेल्यावरच कंप थांबतो, असे वहिनी सांगतात. वाडीतली त्याच्या वयाची आणखी काही मुले त्याच वाटेवर आहेत. भाऊ म्हणतो, त्याला मुंबईला ने, गाव सुटले की दारूही सुटेल. वहिनींना कोणीतरी जेवणातून नकळत द्यायची पावडर सुचवली आहे. आमच्या मुंबई मंडळाने तर गणपतीत व्यसनमुक्तीवर व्याख्यान ठेवायचे ठरवले आहे. यांपैकी कशाचा खरोखर उपयोग होतो?

वैद्यकीय समाजसेविका, परळ

पावडर आधी थांबवा. अशा पावडरीत नेमके काय असते हे कोणालाच ठाऊक नसते, आणि त्यात डायसल्फिराम असेल तर धोका मोठा आहे. हे औषध दारूचे पचन अर्ध्यावर अडवते, त्यामुळे वर दारू प्यायल्यास चेहरा लाल होणे, उलट्या आणि धडधड सुरू होते, रक्तदाब एकदम उतरतो आणि क्वचित जीवही जातो. म्हणूनच ते रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीने आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायचे असते.

दुसरे असे की, सकाळी हात कापणे हे शरीराला दारूची सवय जडल्याचे लक्षण आहे. अशा माणसाला खोलीत कोंडून किंवा देवापुढे शपथ घालून एका दिवसात दारू तोडायला लावली, तर शेवटच्या पेल्यानंतर साधारण ६ ते ४८ तासांत आकडी येऊ शकते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भ्रम होऊ शकतो. घरच्यांना ते वेड किंवा बाहेरची बाधा वाटते आणि उपचाराचे मोलाचे तास निघून जातात. त्याला ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात दाखवा किंवा मुंबईला आणणार असाल तर केईएम, नायर अथवा शीव रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात न्या. प्रवासातही त्याची दारू अचानक तोडू नका. निघण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलून घ्या. फोनवर सल्ला हवा असल्यास १४४४६ ही व्यसनमुक्तीची आणि १४४१६ ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन आहे. दोन्ही विनामूल्य आहेत.

दोडामार्गचा चाकरमानी

मी मंडळाविषयी लिहितो, कारण माझ्या मते खरी अडचण तिथे आहे. आपल्या पट्ट्यात गोव्याची दारू कमी करामुळे स्वस्त पडते. महाराष्ट्रात बिअर-वाइनसाठी २१ आणि इतर मद्यासाठी २५ वर्षांची अट आहे, गोव्यात मात्र १८. हद्द ओलांडायला मोटारसायकल पुरते. पण त्या मुलांना पहिला पेला बहुतेक वेळा आपल्यासारखेच पाजतात. गणपतीला, शिमग्याला आणि मे महिन्यात आपण मुंबईहून उतरतो, रात्री मागीलदारी बैठक बसते, आणि बर्फ-चकणा आणून देणाऱ्या पंधरा-सोळा वर्षांच्या पोराला कोणीतरी कौतुकाने 'घे रे थोडी' म्हणते. त्याच मंडपात सकाळी व्यसनमुक्तीचे व्याख्यान ठेवले, तर मुले ते कोणत्या तोंडाने ऐकतील? मंडळाने आधी आपल्या सभासदांपुरता ठराव करावा की, गावच्या मुक्कामात बैठक होणार नाही आणि मुलांच्या हाती बाटली दिली जाणार नाही. व्याख्यानाचा खर्च दोन-तीन मुलांच्या उपचारांसाठी जाण्यायेण्याला वापरावा, कारण ओरोसची फेरी म्हणजे घरातल्या एका माणसाची मजुरी बुडते आणि दोन-तीन फेऱ्यांनंतर उपचार सुटतो.

निवृत्त शिक्षिका, दादर

लहान मुलांचा विचार तंबाखूपासून करावा. २०१२ पासून राज्यात गुटख्यावर बंदी असूनही पुड्या मिळतात, हे साऱ्यांना माहीत आहे. शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकता येत नाही आणि बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ नुसार मुलाला दारू किंवा तंबाखू देणाऱ्यास ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. शाळा व्यवस्थापन समितीने दुकानदाराला हे कलम लेखी कळवावे.

लालबागकर

मनापासून आभार. वहिनींना पावडर देऊ नका म्हणून आत्ताच फोन केला आणि बैठकीचा ठराव येत्या सभेत मी स्वतः मांडणार आहे. मात्र पुतण्या म्हणतो, 'मला काही झालेले नाही, मी डॉक्टरकडे येणार नाही.' अशा वेळी काय करावे?

वैद्यकीय समाजसेविका, परळ

तो येत नसेल तर तुम्ही आणि भाऊ आधी या. नातेवाइकांशी बोलूनही कामाला सुरुवात होते. तो कधी किती पितो, शुद्धीत असताना कोणाचे ऐकतो, त्याला पैसे कोण देते आणि त्याची उधारी कोण भागवते, हे लिहून आणा. उधारी भागवणे घरच्यांनी थांबवावे. अल-अ‍ॅनॉन या व्यसनी माणसाच्या कुटुंबीयांच्या आधारगटाच्या सभा मुंबईत होतात. भाऊ इकडे आल्यास त्यांना एकदा घेऊन जा. आकडी आली, असंबद्ध बडबड सुरू झाली किंवा रक्ताची उलटी झाली, तर मात्र त्याच्या होकाराची वाट न पाहता १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवा.