जुन्या गाडीचं इंजिन मालकाने स्वतः उघडावं का?

कुळागर (फोंडा)
मारुती ८०० बंद होऊन जमाना झाला, २०१४ सालची गोष्ट. पण आमच्याकडे वाड्यावाड्यावर ती अजून धावतेय. माझी कार्बोरेटरवाली, म्हणजे पेट्रोल-हवा मिसळायला संगणक नसलेली. माझं मत साफ आहे: ७९६ सीसीच्या त्या तीन सिलिंडरच्या इंजिनाचं बरंचसं काम मालकाने घरीच करावं. ऑइल, फिल्टर, प्लग, टॅपेट (व्हॉल्व्हची फट लावणं), कार्बोरेटरची सफाई. बॉनेट उघडलं की सगळं समोर, लॅपटॉप जोडायची भानगड नाही. पावसाळ्यात सकाळी सेल्फ फिरतो पण गाडी पकडत नाही, तेव्हा फिटर आधी बॅटरीच बदलायला सांगतो. प्लगांना वीज वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरची कॅप काढून आतला ओलावा कोरड्या फडक्याने पुसला की बहुतेक वेळा भागतं. याला पैसे का मोजायचे?

म्हापशेकर
फडकं मारण्याला इंजिनदुरुस्ती म्हणत नाहीत हो. हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, उतरवायची वेळ येते तेव्हाचं बोला. गाडी अनमोड घाटात तापली, हेड ॲल्युमिनियमचं. ते किंचित वाकलं तर नुसत्या डोळ्यांना कळत नाही. सरळ पट्टी आडवी धरून खालून फीलर गेज (फट मोजायची पातळ पत्री) सरकवून बघावं लागतं. वाकलेलं निघालं तर फेसिंगला, म्हणजे घासून सपाट करायला, टाकायचं. बसवताना बोल्ट मधल्यापासून बाहेरच्या दिशेने, टप्प्याटप्प्याने आवळायचे, तेही टॉर्क रेंचनेच, म्हणजे जोर मोजणाऱ्या पान्यानेच. हाताच्या अंदाजाने आवळलेत की हेडखालचा सांधा बंद ठेवणारं नवं गॅस्केटही फुटतं, पाणी ऑइलमध्ये उतरतं आणि ऑइलच्या झाकणाखाली पिवळट साका धरतो. तुमच्या अंगणात टॉर्क रेंच आहे?

कुळागर
आहे. आणि आमच्या फिटरकडे नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

गॅरेजवाला (साखळी)
मी धंद्यातला, तेव्हा माझं म्हणणं तसंच समजा. लोक अर्धवट उघडलेलं इंजिन टोचन करून आणतात, सोबत डबाभर बोल्ट. कुठला कुठे ते देवाला ठाऊक. त्या कामाची मजुरी सांगितली की आम्ही लुटारू!

कुळागर
बाब, इंजिन तापेपर्यंत पाणी अडवणारा थर्मोस्टॅट काढून टाकायची रीत कोणाची? ‘गोव्यात थंडी कुठे, कशाला हवा तो?’ हे मी किती गॅरेजांत ऐकलंय. तापमानाचा काटा खाली राहतो, गिऱ्हाईक खूश. पण इंजिन नीट तापत नाही, पेट्रोल जास्त जातं, ऑइलमधला ओलावा उडत नाही, झीज वाढते. पुस्तिका वाचणारा मालक हे करणार नाही.

गॅरेजवाला (साखळी)
खरंय, करतात. पण अडकलेल्या थर्मोस्टॅटच्या जागी नवा घालू म्हटलं तर ‘काढूनच टाक’ कोण म्हणतं? आणि कूलंट वाचवायला विहिरीचं पाणी ओतून रेडिएटर गंजवतो कोण? मालकच.

काजूबोंडू
तुमचं चालू द्या. मला सांगा, घरी काढलेलं काळं ऑइल जातं कुठे? आमच्या शेजारी वाळवी लागू नये म्हणून कुंपणाच्या खांबांना फासतात, उरलेलं गटारात. पुढे विहीर आहे. वापरलेलं ऑइल घातक कचऱ्यात मोडतं, ते नोंदणी असलेल्या पुनर्प्रक्रियावाल्याकडेच जायला हवं. दुसरं, गाडी जॅकवर उचलून खाली जांभ्या दगडाचे चिरे लावतात आणि निवांत आत सरकतात. पावसाचं पाणी प्यालेला चिरा कधी फुटेल याचा नेम नाही. घरगुती दुरुस्तीच्या बाजूने बोलणारे पुरुष याबद्दल चकार शब्द काढत नाहीत.

म्हापशेकर
ताईंना अनुमोदन. जॅकच्या पायावर भरवसा ठेवून खाली जाणारेही आहेत.

कुळागर
चिऱ्यांचं मान्य. मी स्टँड वापरतो, पण सगळे वापरत नाहीत. ऑइल कॅनमध्ये भरून गॅरेजात देतो.

गॅरेजवाला (साखळी)
आम्ही घेतो, फक्त त्यात पेट्रोल नि कूलंट मिसळून आणू नका, पुढे कोणी उचलत नाही. बाकी टॅपेट खुशाल करा, पुस्तिकेत गॅप थंड इंजिनाची दिलीय की गरम, तेवढं बघून. क्रँक आणि व्हॉल्व्ह एका तालात ठेवणाऱ्या टायमिंग बेल्टला मात्र हात लावू नका.

कुळागर
बेल्ट तर येत्या रविवारीच काढतोय. वरच्या-खालच्या पुलींवरच्या खुणा जुळवायच्या, प्लग काढून ठेवायचे आणि सेल्फ मारण्याआधी क्रँक पान्याने हाताने पूर्ण दोन फेरे फिरवायचा. कुठे अडलं तर जोर न लावता तिथेच थांबायचं. यात न जमण्यासारखं काय आहे, ते सांगा.

गॅरेजवाला (साखळी)
बेल्ट ताणून धरणाऱ्या टेन्शनरची बेअरिंग. तीही नवीच आणा.