मदत हवी आहे: उलट उन्हातला चिंकारा कृष्णधवल केला की सगळं राखाडी होतंय

रानवाटा_कोथरूड

नमस्कार मंडळी. सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यात संध्याकाळच्या उलट उन्हात काढलेला चिंकारा नराचा फोटो आहे. सूर्य त्याच्या मागे, थोडा डावीकडे. खुरांनी उडालेली धूळ चमकतेय, पाठीवर आणि शिंगांवर सोनेरी कड आहे, आणि मागे टेकडीची सावलीतली बाजू. रंगीत फोटो छान दिसतो. कृष्णधवल केला की मरगळतो.

तपशील: क्रॉप सेन्सर, 24 मेगापिक्सेल, 150-600 ची लेन्स 500 मिमीवर, एफ 6.3, 1/1600, आयएसओ 800, रॉ फाइल, व्हाइट बॅलन्स ऑटो. लाइटरूम क्लासिक वापरतो. ब्लॅक अँड व्हाइट निवडून कॉन्ट्रास्ट +60, क्लॅरिटी +50, डीहेझ +40 आणि आकाशाचं निळं काळं करतात तसा ब्लू -80 केला.

अडचणी तीन आहेत. कडेचा उजेड आणि धूळ एकाच राखाडी रंगात मिसळतात. शिंगांभोवती पांढरी रेघ उमटते. आणि सावलीतल्या अंगावर डागडाग, चट्टे दिसतात.

बालगंधर्वच्या कलादालनात आमच्या गटाचं प्रदर्शन आहे, त्यासाठी 12 बाय 18 इंचांची मॅट प्रिंट काढायची आहे. क्रॉप करून 4200 बाय 2800 पिक्सेल उरलेत. कुठून सुरुवात करू?

---

काळा_पांढरा

फोटोत मसाला आहे. मागची टेकडी सावलीत आहे हे सगळ्यात महत्त्वाचं. कडेचा उजेड दिसतो तो मागचं त्याहून काळं असेल तरच. मागे उजळ आकाश असतं तर कितीही स्लायडर ओढले तरी कड सुटी झाली नसती, मग सरळ छायाकृती करणंच बरं. तुमच्याकडे काळी पार्श्वभूमी आहे, म्हणून कड वाचवायची आणि बाकीचं दाबायचं.

आधी सगळे स्लायडर शून्यावर आणा आणि फोटो परत रंगीत करा. कृष्णधवलचं निम्मं काम रंगीत असतानाच होतं.

व्हाइट बॅलन्स. इथेच पहिली गडबड आहे. मावळतीचं ऊन नारिंगी असतं आणि सावलीवर आकाशाचा निळसर उजेड पडतो. रंगातला हा फरक हेच तुमचं भांडवल. ऑटो व्हाइट बॅलन्स उन्हाचा नारिंगीपणा काढून टाकायला बघतो, मग कडेचा रंग फिका पडतो आणि पुढे ब्लॅक अँड व्हाइट मिक्सरच्या ऑरेंज-यलोला पकडायला फारसं काही उरत नाही. तापमान हाताने 5500 च्या आसपास ठेवा. रंगीत फोटो जरा जास्तच पिवळा वाटेल, वाटू द्या.

रंगीत कडा. शिंगांभोवतीच्या रेघेचं एक कारण क्लॅरिटी आहेच, पण मला दुसऱ्याचा जास्त संशय आहे. टेलिझूम लेन्स पूर्ण उघडी असताना उलट उन्हात गडद वस्तूच्या कडेला जांभळी किंवा हिरवी झालर येते. रंगीत फोटोत 100 टक्क्यांवर नेऊन शिंगाच्या टोकाशी बघा. तुम्ही ब्लू -80 केला की झालरीतला निळा-जांभळा भाग काळा होतो आणि शेजारची धूळ आणखी पांढरी दिसते, झाली रेघ तयार. लेन्स करेक्शनमध्ये क्रोमॅटिक ॲबरेशनची खूण करा, तेवढ्याने गेली नाही तर डीफ्रिंजचा ड्रॉपर झालरीवर टेकवा. हे कृष्णधवल करण्याआधी करायचं, कारण नंतर झालर डोळ्याला दिसतच नाही, नुसती रेघ दिसते.

चट्टे. मिक्सर प्रत्येक पिक्सेलचा रंग बघून त्याला उजळ किंवा गडद करतो. सावलीतल्या पिक्सेलना खरा रंग जवळपास नसतो, असतो तो नॉइजचा, म्हणजे कमी उजेडात उमटणाऱ्या दाण्यांचा रंग: एक पिक्सेल निळसर, शेजारचा तांबूस. ब्लू एकदम -80 वर नेलात की निळसर पिक्सेल काळे, तांबूस तसेच, आणि अंगावर चट्टे. डिटेलमध्ये कलर नॉइज 25 वर असतो, तो 45 पर्यंत न्या. मिक्सरमधल्या शेजारच्या दोन रंगांत 30 पेक्षा जास्त अंतर ठेवू नका.

आता कृष्णधवल करा. ऑरेंज +25, यलो +20, रेड +10, ग्रीन 0, ॲक्वा -15, ब्लू -30 इथून सुरू करा. मग रेड एकटा हलवून कानांकडे बघा. चिंकाराचा कान पातळ असतो, उलट उन्हात त्यातून उजेड आरपार येतो आणि आतलं रक्त लालसर दिसतं. शिंगातून मात्र उजेड आरपार जात नाही, त्याला फक्त कड मिळते. त्यामुळे रेड वाढवला की कान पेटतात आणि शिंगं काळीच राहतात. डोकं पार्श्वभूमीतून उठून यायला एवढं पुरतं. +30 च्या पुढे कानातल्या शिरा आणि केस पांढऱ्यात बुडतात, तिथे थांबा.

कॉन्ट्रास्टच्या स्लायडरला हात लावू नका. ऑल्ट दाबून ब्लॅक्स डावीकडे ओढा. स्क्रीन पांढरी होते आणि पूर्ण काळे झालेले भाग दिसायला लागतात. टेकडीचे मोठे पट्टे काळे झाले तरी चालतील, पण प्राण्याची छाती आणि पाय त्यात जाऊ देऊ नका. डीहेझ +40 तर अजिबात नको. तुम्हाला हवी असलेली धूळच तो पुसून टाकतोय.

---

गवताळ_सासवड

वरच्या सगळ्याला अनुमोदन. फक्त एक तपासून बघा, लाल चॅनेल फाटलाय का, म्हणजे कमाल मर्यादेपर्यंत भरून त्यातला तपशील गेलाय का?

मावळतीच्या उन्हात तिन्हीपैकी लाल चॅनेल आधी भरतो. कॅमेऱ्याच्या पडद्यावर नुसता पांढरा हिस्टोग्राम लावला असेल तर हे कळत नाही, तिन्ही रंगांचा वेगळा हिस्टोग्राम लावावा लागतो. धुळीच्या सगळ्यात उजळ भागात लाल भरून गेला असेल तर ऑरेंज कमी करून तिथे कण दिसणार नाहीत, नुसता सपाट राखाडी ठिपका मिळेल. मग तो भाग शुभ्रच ठेवायचा आणि त्याच्या भोवतालची धूळ किंचित खाली आणायची. हायलाइट्स -100 करून पांढऱ्याची राखाडी करू नका. उलट उन्हाच्या फोटोत थोडं शुभ्र असायलाच हवं, त्याशिवाय ऊन वाटत नाही.

आणखी एक. सुप्याकडचं वाळलं गवतही पिवळं-नारिंगीच आहे. तुम्ही ऑरेंज आणि यलो चढवलेत की गवताचं पातं न् पातं चमकायला लागेल आणि हरणाच्या पाठीशी स्पर्धा करेल. ते मिक्सरने सुटत नाही, तिथे मास्क लागतो, म्हणजे फोटोचा ठरावीक भाग निवडून तेवढ्यातच बदल करायचा.

---

रानवाटा_कोथरूड

भरपूर मिळालं, धन्यवाद. झालर होतीच, 100 टक्क्यांवर जांभळी स्पष्ट दिसली. डीफ्रिंजने रेघ जवळपास गेली. चट्टेही गेले. लाल चॅनेल फक्त खुरांजवळच्या धुळीत भरलाय, बाकी ठीक आहे.

पण गवताचं अगदी बरोबर निघालं, खालचा तिसरा हिस्सा सगळा चकाकतोय. मास्क नेमका कसा लावू? नुसता लिनिअर ग्रेडियंट ओढला तर हरणाचे पायही काळे होतात.

---

काळा_पांढरा

ग्रेडियंट खालून गुडघ्यांपर्यंत ओढा. त्याच मास्कमधून सिलेक्ट सब्जेक्ट वजा करा, म्हणजे पाय सुटतील. बारीक खुरांपाशी निवड चुकते, तिथे ब्रशने हाताने वजा करा, फेदर 40 च्या आसपास. मग हा मास्क ल्युमिनन्स रेंजशी (उजळपणावरून होणाऱ्या निवडीशी) इंटरसेक्ट करा, म्हणजे दोन्हींत येणारा भागच उरेल, आणि पट्टी फक्त उजळ भागावर ठेवा. आता हायलाइट्स -50, एक्स्पोजर -0.4. अशाने पात्यांची चमक तेवढी उतरते, गवताच्या सावल्या तशाच राहतात, आणि जमीन काळी फासल्यासारखी दिसत नाही.

दुसरा मास्क सब्जेक्टवर, तोही ल्युमिनन्स रेंजने फक्त कडेच्या उजेडापुरता. एक्स्पोजर +0.3, टेक्स्चर +15. मानेवरचे उभे राहिलेले केस त्याने सुटे दिसतात. क्लॅरिटी लावायचीच असेल तर अंगावर +10, शिंगांवर शून्य.

तिसरा मास्क वरच्या टेकडीवर, एक्स्पोजर -0.5. फार तर डीहेझ +10, पण धुळीच्या ढगाला शिवू न देता.

अंग मात्र उजळू नका. पोटाची आणि खांद्याची बाजू जेमतेम ओळखू यावी इतकीच हवी. शॅडोज +60 करून प्रत्येक केस दाखवण्याची सवय फार पसरली आहे, त्याने उलट उन्हाचा फोटो ढगाळ दिवसाचा होऊन जातो. हे मला मनापासून खटकतं, म्हणून जोर देऊन लिहितोय.

---

पाणथळ_हडपसर

धागा वाचतेय, मध्येच विचारते. भिगवणच्या रोहितांचे (फ्लेमिंगोंचे) उलट उन्हातले फोटो आहेत. तिथे मागे टेकडी नाही, नुसतं उजनीचं चकाकणारं पाणी. हीच पद्धत चालेल का? आणि माझ्याकडे लाइटरूम नाही, डार्कटेबल आहे.

---

गवताळ_सासवड

बसलेल्या किंवा चरणाऱ्या थव्याला नाही चालणार. पाणी आकाश दाखवतं, म्हणजे पार्श्वभूमीच उजळ. तिथे छायाकृती करा आणि पक्षी एकमेकांवर न आलेली फ्रेम निवडा. दोन माना एकमेकींवर आल्या की काळ्यात काळं मिसळून नुसता गोळा दिसतो. मानेच्या वळणात पाण्याचा उजेड दिसला पाहिजे.

उडताना पंख उघडे असतील तर गोष्ट वेगळी. रोहिताची मोठी पिसं काळी आणि आतली गुलाबी-तांबडी. उलट उन्हात काळी पिसं काळीच राहतात, गुलाबीतून उजेड येतो. तिथे लाल वाढवला की पंखाचे दोन भाग लख्ख वेगळे होतात. निळा वाढवलात तर गुलाबी भाग गडद होऊन काळ्यात मिसळेल.

डार्कटेबलमध्ये कलर कॅलिब्रेशन मॉड्यूल उघडून ग्रे नावाच्या टॅबवर जा. तिथे लाल, हिरवा, निळा असे तीनच स्लायडर आहेत. लाल 0.6, हिरवा 0.35, निळा 0.05 इथून सुरू करा. बेरीज 1 च्या आसपास ठेवली की एकूण उजेड बदलत नाही. निळा शून्याजवळ ठेवण्याचा आणखी एक फायदा असा की पिवळ्या उन्हात सगळ्यात कमी प्रकाश त्याच चॅनेलला मिळतो, म्हणून नॉइजही त्यातच जास्त असतो. झालरीसाठी क्रोमॅटिक ॲबरेशनचं मॉड्यूल आहे, ते आधीच चालू करा.

---

पाणथळ_हडपसर

आभार! पुढच्या वेळी काढतानाच काय सांभाळू?

---

काळा_पांढरा

मॅन्युअल मोड. रॉ ठेवा आणि पिक्चर स्टाइल मोनोक्रोम करा. पडद्यावर कृष्णधवल दिसतं, रॉमध्ये सगळे रंग शाबूत राहतात. आरसा नसलेला कॅमेरा असेल तर थेट व्ह्यूफाइंडरमध्येच दिसतं, त्याचा फार उपयोग होतो. जास्त उजळ झालेले भाग पडद्यावर लुकलुकतात, ते थांबेपर्यंत शटरचा वेग वाढवत न्या. मागे काळं असेल तर मीटरपेक्षा साधारण 1 ते 2 स्टॉप कमी भरतं. मीटरचं ऐकलं तर तो काळी टेकडी राखाडी करायला जातो आणि कड जळते.

लेन्सच्या पुढचा यूव्ही फिल्टर काढून ठेवा आणि हूड लावा. उलट उन्हात त्या जादा काचेचं परावर्तन आणि काचेवरची धूळ मिळून अख्ख्या फ्रेमवर पांढरट पडदा येतो. सूर्य फ्रेमच्या जरा बाहेर राहील असं बघा. डिसेंबरात आपल्याकडे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, त्याआधीचा पाऊण तास कामाचा.

धूळ हवी म्हणून कळपामागे गाडी घालू नका, ड्रायव्हरलाही तसं सांगू नका. चिंकारा पळाला तर त्याची शक्ती जाते, आणि फोटोत तुम्हाला फक्त पाठमोरा पळणारा प्राणी मिळतो.

---

रानवाटा_कोथरूड

मास्क लावले, गवत शांत झालं. आता फोटो बोलतोय! शेवटचा प्रश्न प्रिंटचा. 4200 पिक्सेल 18 इंचांना पुरतील का, आणि मॅट कागदावर काळा रंग किती उतरतो?

---

गवताळ_सासवड

इंचाला 233 पिक्सेल पडतात, भिंतीवरच्या प्रिंटला पुष्कळ झाले.

काळ्याचं मात्र सांभाळा. मॅट कागद चकचकीत कागदाइतका गडद काळा देत नाही. स्क्रीनवर 0 ते 255 मध्ये 8 आणि 18 वेगळे दिसतात, मॅटवर ते एकच होऊ शकतात. तुमचं सावलीतलं अंग नेमकं याच पट्ट्यात आहे. एका 4 बाय 6 च्या फाइलमध्ये 0, 5, 10 असे 40 पर्यंत चौकोन करा आणि त्याच लॅबमधून त्याच कागदावर छापून घ्या. ज्या आकड्यापासून चौकोन वेगळे दिसायला लागतील, अंगाचा गडद भाग त्याच्या वर ठेवा. हा बदल प्रिंटसाठी व्हर्च्युअल कॉपी काढून त्यावरच करा, मूळ फाइल तशीच राहू द्या. लॅबला 'ऑटो करेक्शन नको' असं ऑर्डरवर लिहून द्या, नाहीतर तिथलं मशीन काळी टेकडी उजळून देतं.

फोटोशॉपमध्ये न्यायचा असेल तर 16 बिट टिफ. 8 बिटमध्ये टेकडीवरच्या सावकाश गडद होत जाणाऱ्या भागात पट्टे पडतात. लॅब जेपेगच घेत असेल तर शेवटी ग्रेन 12-15 घाला, पट्टे मोडतात. फाइल एसआरजीबीमध्ये द्या आणि ग्रेस्केल मागत नसतील तर आरजीबीच ठेवा. प्रिंटला हिरवट किंवा जांभळट झाक आली तर ती दिव्याखाली न बघता दिवसाच्या उजेडात बघून लॅबला परत दाखवा.