मदत हवी आहे: हळद पावडरमधून डीएनए काढताना चुंबकी कणांबरोबर पिवळा रंगही येतो

कृष्णाकाठ:
नमस्कार मंडळी. मी सांगलीत एका महाविद्यालयात जैवतंत्रज्ञान शिकवते. बाजारातल्या पावडरमध्ये खरोखर हळदच आहे की रानहळदीची भेसळ, हे डीएनएवरून ओळखायचा प्रकल्प एम.एस्सी.च्या मुलींनी घेतलाय. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिची अशी तपासणी इथल्याच प्रयोगशाळेत, कमी खर्चात व्हायला हवी असं मला फार वाटतं.

आमच्याकडे धूर ओढून नेणारं कपाट धड नाही, म्हणून क्लोरोफॉर्म टाळून चुंबकी कणांची पद्धत निवडली. कण इथेच बनवतो. फेरिक आणि फेरस क्षार २:१ प्रमाणात घेऊन अमोनिया घातला की काळा मॅग्नेटाइट तयार होतो, त्यावर टीईओएस (ज्यातून सिलिका तयार होते ते रसायन) वापरून सिलिकाचा थर चढवतो. हे कण फार सुरेख वागतात. चुंबक लावला की ट्यूबच्या भिंतीला गोळा होतात, काढला की पुन्हा सुटे, कारण इतक्या बारीक कणांत चुंबकत्व मागे उरत नाही. गुआनिडीन हायड्रोक्लोराइड आणि अल्कोहोलमध्ये डीएनए सिलिकाला धरतो. मग ७० टक्के इथेनॉलने धुवायचं आणि टीई बफरमध्ये (डीएनए टिकवणारा द्राव) सोडवून घ्यायचं.

ओल्या हळदीच्या गड्ड्यातून पीसीआरला (डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या असंख्य प्रती काढायची पद्धत) जेलवर स्वच्छ पट्टा येतो. पावडर घेतली की शेवटचा द्राव पिवळसर निघतो, २६०/२३० गुणोत्तर (२६० आणि २३० नॅनोमीटरला शोषलेल्या प्रकाशाचं, शुद्धता दाखवणारं) १ च्या खाली जातं आणि पीसीआरला काहीच येत नाही. इथेनॉलने कितीही धुतलं तरी प्रत्येक वेळी थोडा रंग सुटतच राहतो. मॅटके या वनस्पती ओळखायच्या जनुकाचे प्रायमर (कोणता तुकडा वाढवायचा ते ठरवणारे छोटे डीएनए) वापरतोय, साधारण ८०० बेसचा तुकडा.

मला नेमकं हे कळत नाहीये की दोष आमच्या कणांच्या थरात आहे की पावडरमध्येच. प्रकल्प जमा करायची तारीख जवळ आलीय. कुणी हळद, आलं, वेलदोडा अशा मालावर काम केलं असेल तर कृपया सांगा.

वाईकर:
ताई, आधी एक साधी चाचणी करा. ओल्या हळदीचा जो डीएनए चालतो, त्यात पावडरचा थोडा द्राव मिसळून पीसीआर लावा. पट्टा गेला तर पावडरमधलं काहीतरी एन्झाइमला अडवतंय. मग द्राव दहापट पातळ करून बघा, बीएसए (अडथळा आणणारे पदार्थ धरून ठेवणारं प्रथिन) घाला. पट्टा टिकला तर अडथळा नाही, लागेल तसा डीएनएच उरलेला नाही.

मला दुसरी शक्यता जास्त वाटते. पावडर होण्याआधी हळकुंड शिजतं, उन्हात वाळतं, पॉलिश होतं, मग दळलं जातं. एवढ्यात डीएनएचे बारीक तुकडे होतात, त्यातून सलग ८०० बेस मिळणं अवघड. आयटीएस-२ सारखा, वनस्पती ओळखायलाच वापरतात तो डीएनएचा आखूड भाग घ्या. आणि डीएनए किती आहे यासाठी २६० च्या वाचनावर भरवसा ठेवू नका, कर्क्युमिनही (हळदीतला पिवळा रंग) अतिनील प्रकाश शोषतो. जेलवर काय दिसतं तेच धरा.

प्रयोगवही:
वाईकरांशी सहमत, पण थरही तपासून घ्या. कर्क्युमिन लोहाला घट्ट धरतो. सिलिकाचा थर कुठे उघडा राहिला असेल तर तो थेट मॅग्नेटाइटला चिकटणार आणि धुताना हळूहळू सुटत राहणार. शिवाय सुटलेलं लोहही पीसीआर बिघडवतं. थोडे कण विरल हायड्रोक्लोरिक आम्लात तासभर ठेवा, चुंबकाने बाजूला घ्या आणि वरच्या द्रावात पोटॅशियम थायोसायनेटचे थेंब टाका. लाल झालं तर लोह बाहेर येतंय, म्हणजे थर अपुरा आहे. सोबत फक्त आम्लाची एक ट्यूब तुलनेला ठेवा.

मुख्य गोष्ट म्हणजे रंग कणांपर्यंत पोचूच देऊ नका. कर्क्युमिन पाण्यात जवळपास विरघळत नाही, अ‍ॅसिटोन आणि इथेनॉलमध्ये छान विरघळतो. डीएनएचं बरोबर उलट. त्यामुळे पेशी फोडायच्या आधीच पावडर अ‍ॅसिटोनमध्ये हलवा, सेंट्रिफ्यूज करून वरचा पिवळा द्राव ओतून द्या. रंग फिका होईपर्यंत हेच करा. डीएनए खालच्या गाळातच राहतो. मग गाळ वाळवून नेहमीचा बफर घाला, त्यात पीव्हीपी (एक पॉलिमर) असू द्या, हळदीतले फिनॉल त्याला धरतात.

कृष्णाकाठ:
दोघांचे मनापासून आभार. मिसळून बघायची चाचणी आणि थायोसायनेट दोन्ही उद्याच लावतो, आयटीएस-२ चे प्रायमर मागवते. एक विचारायचं राहिलं: अ‍ॅसिटोन आमच्या प्लास्टिकच्या ट्यूबमध्ये चालेल का?

प्रयोगवही:
ट्यूबवर पीपी लिहिलं असेल, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, तर थोड्या वेळासाठी चालेल. पॉलिस्टायरीनची ट्यूब घेऊ नका, ती विरघळते. आणि जवळपास बर्नर पेटवलेला नको.