वर्धा खोऱ्यातल्या कोळशात पायराइट सापडले, म्हणजे तिथे समुद्र होता का?

प्रश्न: पदव्युत्तर प्रकल्पासाठी मी वर्धा खोऱ्यातील बराकार स्तरसमूहाच्या (पर्मियन काळातील खडकांच्या थरांच्या गटाच्या) कोळशाचे नमुने तपासत आहे. एका नमुन्याच्या उभ्या भेगांत पायराइटचा (लोह आणि गंधकाच्या खनिजाचा) पितळी रंगाचा पातळ पापुद्रा स्पष्ट दिसतो. मात्र एकूण गंधक १ टक्क्याहून कमी आणि राख (कोळसा जाळल्यावर उरणारा खनिज भाग) ३० टक्क्यांच्या वर भरते. पीट (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर, ज्याचा पुढे कोळसा होतो) साचत असताना दलदलीत समुद्राचे पाणी शिरले होते, असा निष्कर्ष यावरून काढता येईल का?

उत्तर १: एवढ्या पुराव्यावर काढू नये. या भेगा पीट गाडले जाऊन त्याचा कोळसा होताना पडतात, त्यामुळे त्यांत बसलेले पायराइट नंतर झिरपलेल्या पाण्याचे असते. साचण्याच्या काळातले पायराइट शोधायचे तर घासून चकचकीत केलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा. व्हिट्रिनाइटमध्ये (लाकूड व सालींपासून बनलेल्या कोळशाच्या घटकात) पायराइटच्या सूक्ष्म स्फटिकांचे गोल पुंजके रुतलेले असतील आणि वनस्पतींचे पापुद्रे त्यांना वळसा घालून गेलेले असतील, तर ते पुंजके पीट दबण्यापूर्वीचे आहेत. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे २.७ ग्रॅम सल्फेट असते, नदीच्या पाण्यात बहुधा काही मिलिग्रॅमच. जीवाणू त्यापासून हायड्रोजन सल्फाइड बनवतात आणि ते लोहाशी किंवा सेंद्रिय द्रव्याशी जोडले जाते. आसाममधील माकूमचा तृतीयक (पर्मियनपेक्षा खूप नंतरच्या काळातला) कोळसा समुद्राच्या प्रभावाखाली साचला, म्हणून त्यात राख कमी आणि गंधक भरपूर आहे, तेही बहुतांशी सेंद्रिय. आपले आकडे नेमके याच्या उलट आहेत.

उत्तर २: माझ्या मते आपल्या नमुन्यातली खरी महत्त्वाची गोष्ट राख आहे. पर्मियन काळात (सुमारे ३० ते २५ कोटी वर्षांपूर्वी) ग्लॉसॉप्टेरिस या आता नामशेष झालेल्या झाडांच्या रानांलगतच्या दलदलींत नद्यांच्या पुराबरोबर चिकणमाती आणि बारीक वाळू वारंवार येत राहिली. ती वनस्पतींच्या अवशेषांत इतकी मिसळली आहे की कोळसा धुऊनही पुरती निघत नाही. अर्थात, गोंडवनात (भारत ज्याचा भाग होता त्या प्राचीन महाखंडात) समुद्र आलाच नाही असे नव्हे: उमरिया आणि मनेंद्रगड येथे सागरी जीवाश्म मिळतात, परंतु ते थर बराकारपेक्षा जुने आहेत.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. समुद्राच्या पाण्यात जास्त असणारे बोरॉन हे मूलद्रव्य कोळशात मोजल्यास खारेपणाचा निर्णय होईल का?

उत्तर १: अवश्य मोजावे, पण बोरॉन नंतरच्या भूजलातूनही वाढू शकते, तेव्हा केवळ त्यावर विसंबू नये. संपूर्ण थराचा एकच सरासरी नमुना न घेता तळापासून छतापर्यंत प्रत्येक पट्टा वेगळा घ्यावा आणि भेगांतले पायराइट आधी खरवडून बाजूला काढावे, अन्यथा दोन काळांचे गंधक एकाच आकड्यात मिसळेल.