घर घेता-विकताना वकील त्याच तालुक्याचा हवा, पण दलालाने आणलेला नको

तापीकाठ (जळगाव)

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली की आमच्याकडे घरांचे सौदे हलायला लागतात. पुण्याला, सुरतेला स्थायिक झालेली मुलं गावी आलेली असतात, वडिलांचं घर विकायचं ठरतं आणि सुट्टी संपायच्या आत खरेदी उरकायची घाई सुरू होते. वकील कोण, हे त्या घाईत कुणी विचारत नाही. दलाल म्हणतो, "आपला माणूस आहे, तो कागद करून देईल." सौदा तिथेच बिघडतो असं माझं स्पष्ट मत आहे.

माझ्या दोनच अटी आहेत. घर ज्या तालुक्यात आहे तिथल्या कोर्टात आणि दस्त नोंदवतात त्या दुय्यम निबंधक कार्यालयात रोज उठबस असलेला वकील घ्या. आणि त्याची फी तुम्ही स्वतः द्या, दलालाने किंवा समोरच्या पार्टीने नाही.

तालुक्याचाच का? एक उदाहरण देतो. जुन्या फेरफारात, म्हणजे जमिनीच्या हक्कबदलाच्या नोंदीत, थोरल्या भावाच्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ अशी अक्षरं असतात, म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. उताऱ्यावर नाव एकाचं, हक्क सगळ्या भावांचा. पुढे उतारा नव्याने लिहिताना ती अक्षरं गळतात आणि दोन पिढ्यांनी थोरल्याची मुलं "आम्हीच मालक" म्हणून विकायला उभी राहतात. बाहेरचा वकील आजचा उतारा बघून स्वच्छ आहे म्हणतो. इथला वकील जुने फेरफार मागतो, कारण अशा वाटणीच्या दाव्यांत तो स्वतः उभा राहिलेला असतो.

आणि दस्त नोंदवला म्हणजे सरकारने मालकी तपासली, असं समजू नका. तिथे मुद्रांक, ओळख, सह्या आणि अंगठे बघतात. विकणारा खरंच मालक होता का, हे शोधणं घेणाऱ्याच्याच अंगावर असतं.

वाघूर (सध्या पुणे)

पहिल्या अटीला माझा ठाम विरोध. तालुक्याच्या गावात वकील, दलाल, लेआउट पाडणारा आणि विकणारा हे सगळे एकमेकांच्या लग्नात पंगतीला बसलेले असतात. तिथे स्वतंत्र सल्ला मिळेल हा भाबडेपणा आहे.

आमच्या घरात काय झालं ते सांगतो, नाव कुणाचंच घेत नाही. काकांनी प्लॉट घेतला. वकील गावातला, नावाजलेला. सर्च रिपोर्ट, म्हणजे जुने दस्त तपासून वकिलाने दिलेला अहवाल, मिळाला, टायटल क्लिअर म्हणून सही-शिक्का. पुढे कळलं की त्या लेआउटच्या मालकाचे सगळे दावे हेच वकीलसाहेब चालवतात. प्लॉट मंजूर नकाशात ओपन स्पेसला, म्हणजे सगळ्यांसाठी मोकळ्या सोडलेल्या जागेला, लागून होता आणि मोजणीत त्याची एक बाजू ओपन स्पेसमध्येच निघाली. रिपोर्टमध्ये मंजूर नकाशाचा उल्लेखच नव्हता.

आता सातबारा, आठ-अ, मिळकत पत्रिका, फेरफार, सूची क्रमांक दोन (नोंदवलेल्या दस्तांची सूची), सगळं घरबसल्या निघतं. कोर्टातले दावेही ऑनलाइन दिसतात. मग नाशिकचा किंवा पुण्याचा, ज्याचं त्या गावात कुणाशी देणंघेणं नाही असा वकील का घेऊ नये?

तापीकाठ

काकांचं झालं ते वाईटच, पण ते माझ्या दुसऱ्या अटीचं उदाहरण आहे, पहिलीच्या विरोधातलं नाही. एकदा एका पक्षकारासाठी काम केलेल्या वकिलाने त्याच प्रकरणात समोरच्यासाठी उभं राहू नये, हे बार कौन्सिलच्या नियमांतच आहे. म्हणून पहिल्याच भेटीत विचारायचं: या विकणाऱ्याचं, या लेआउटचं काम तुम्ही कधी केलंय का? उत्तर लेखी घ्या. चिडला तर उठून या.

ऑनलाइनचं म्हणाल, तर दाव्यांच्या साइटवर पक्षकाराचं नाव आणि वर्ष टाकावं लागतं. जळगाव जिल्ह्यात ‘पाटील’ टाकून बघा, नाहीतर ‘चौधरी’, ‘महाजन’. त्यातला आपला कुठला, हे पुण्यात बसून कसं कळणार? जुन्या वर्षांच्या सूची अजूनही कार्यालयात बसून पानं उलटूनच बघाव्या लागतात. सर्च तीस वर्षांचा घ्यायची रीत आहे, आणि घोळ बहुतेक त्यातल्या जुन्या वर्षांतच असतो.

जाहीर नोटिशीचंही तेच. अमळनेरच्या घराची नोटीस पुण्याच्या आवृत्तीत छापलेली मी पाहिलीय. ज्याची हरकत असणार तो माणूस अमळनेरला राहतो, तो पुण्याचा पेपर वाचणार आहे का?

गिरणाथडी (चाळीसगाव)

तुम्ही दोघंही वकील हवाच हे धरून चाललात. आमच्याकडे निम्म्याहून जास्त घरं बाँडरायटरने, म्हणजे दस्त लिहून देणाऱ्याने, लिहिलेल्या खरेदीखतावर विकली गेली असतील आणि लोक त्यात सुखाने राहताहेत. सोसायटीतला पंधरा वर्षं जुना फ्लॅट, मालक एकच, सोसायटीची एनओसी हातात, कर्ज नील. यात वकील नेमकं काय शोधणार?

बाँडरायटर रोज त्या खिडकीवर बसलेला असतो. बाजारमूल्य काढणं, चलन भरणं, वेळ घेणं, साक्षीदार उभे करणं, सगळं तोच करतो. घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांकात एक टक्का सवलत आहे, १ एप्रिल २०२१ पासून. ४० लाखांच्या घरावर ४०,००० रुपये वाचले. हे मला बाँडरायटरने सांगितलं. त्याच व्यवहारात विकणाऱ्याकडे वकील होता, तो एक शब्द बोलला नाही.

तापीकाठ

दादा, तो विकणाऱ्याचा वकील होता, तुम्हाला सांगायची त्याला गरजच नव्हती! तुमच्या बाजूला कुणी नव्हतं, एवढंच त्यातून दिसतं. दस्त लिहिण्यात बाँडरायटरचा हात कुणी धरणार नाही, हे मान्य. पण तुम्ही सांगाल ते तो लिहितो. सांगताय ते खरं आहे का, हे तपासणं त्याचं काम नाही आणि चुकलं तर जबाबदारीही त्याची नाही.

पांझरा (देवपूर, धुळे)

मी विकणाऱ्या घरातली मुलगी म्हणून लिहिते, कारण इथे सगळे घेणाऱ्याचंच बोलताहेत.

आखाजीला माहेरी गेले. पुरणपोळी झाली, झोके झाले, आणि संध्याकाळी भावाने कागद पुढे केला. "ताई, फक्त सही. सोमवारी रजिस्टर ऑफिसला येऊन जा." हक्कसोड पत्र होतं. शेजारी भावाचा वकील बसलेला. मी वाचायला मागितलं तर आईच म्हणाली, भावावर विश्वास नाही का तुझा.

विश्वास आहे. भाऊ वाईट नाही. पण त्या खोलीत मला काय मिळतं, मी काय सोडते, हे सांगणारं माझ्या बाजूचं कुणी नव्हतं. वडिलांचं स्वकष्टाचं घर असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर हिंदू वारसा कायद्याने मुलगी १९५६ पासूनच मुलाबरोबरीची वारस आहे. वडिलोपार्जित असेल तर ९ सप्टेंबर २००५ च्या दुरुस्तीने मुलीला मुलासारखाच जन्मतः हक्क दिला. वडील त्या तारखेला हयात असायलाच हवेत असं नाही, हे सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केलं. यातलं काहीही त्या वकिलाने मला सांगितलं नाही. मी सही केली नाही. दुसऱ्या दिवशी वेगळ्या वकीलबाईंकडे गेले, माझ्या पैशाने. नंतर आम्ही तिघा भावंडांनी मिळून घर विकलं, खरेदीखतावर तिघांच्या सह्या आहेत, आणि भावाशी बोलणं आजही चालू आहे.

म्हणून तापीकाठ यांच्या दुसऱ्या अटीत माझी भर: घरातल्या प्रत्येक हिस्सेदाराला, खास करून बहिणींना, हवं तर आपला वेगळा वकील घेऊ द्या. आणि घेणाऱ्यांनो, बहिणींच्या सह्या नसतील तर घर घेऊ नका. दावा तुमच्यावरच येणार आहे.

सातपुडापायथा (तळोदा)

पांझराताईंचं शंभर टक्के पटलं. वाघूर भाऊ, तुम्हनं म्हननं पटस, पण आमच्या भागात बाहेरच्या वकिलावर विसंबणं धोक्याचं आहे.

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ ला वेगळा झाला. त्याआधीचे जिल्हाधिकाऱ्यांचे बिनशेती आदेश धुळ्याचे आहेत. बाहेरचा वकील नंदुरबारला अर्ज टाकतो, "अभिलेख आढळून येत नाही" असं उत्तर येतं, आणि तो फाइल मिटवतो. इथला वकील धुळ्याची गाडी पकडतो.

त्याहून मोठी गोष्ट आदिवासी खातेदाराच्या जमिनीची. महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६-अ प्रमाणे ती बिगर आदिवासीला विकायची तर जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते, आणि विक्रीसाठी त्याआधी राज्य सरकारची मान्यताही. आज त्या जागी बंगला असो, रो हाउस असो, मूळ हस्तांतर परवानगीशिवाय झालं असेल तर जमीन मूळ मालकाच्या कुटुंबाकडे परत जाऊ शकते. आणि जायलाच हवी, कायदा त्यांच्या संरक्षणासाठीच आहे. हे फक्त नंदुरबारचं नाही. शिरपूर, साक्री, चोपडा, यावल, रावेर, सगळीकडे बघावं लागतं. पुण्याच्या फर्मने केलेल्या एका सर्चमध्ये या कलमाचा साधा उल्लेखही नव्हता, तो कागद मी स्वतः वाचलाय.

भुसावळकर (भुसावळ)

मधला मार्ग सांगतो. रेल्वेतून रिटायर झालेल्यांची बरीच घरं आमच्या भागात विकली जातात आणि घेणारा बहुतेक कर्ज काढतो. बँकेचा पॅनलवरचा वकील सर्च करतोच, त्याची फी आपल्याच खात्यातून जाते. मग दुसरा कशाला? बँक आपले पैसे बुडवून घेईल का?

पांझरा

बँकेचा वकील बँकेचं बघतो. कर्ज फिटेपर्यंत गहाण टिकेल का, हा त्याचा प्रश्न. शेजाऱ्याशी सामाईक भिंतीचा वाद आहे, जिना कुणाचा आहे, विकणारा ताबा कधी देणार, जुनी घरपट्टी कोण भरणार, हे त्याच्या रिपोर्टमध्ये नसतं. बहुतेक वेळा रिपोर्टची प्रतही तुम्हाला देत नाहीत. मागून बघा.

वाघूर

तळोद्याच्या मुद्द्यावर मी मागे सरतो. ३६-अ आणि जिल्हा फुटण्याआधीचे कागद, त्यासाठी तिथलाच माणूस लागतो. पण गावातल्या वकिलाची भीड हा माझा मूळ आक्षेप जागेवरच आहे. लेखी विचारा म्हणणं सोपं आहे. ज्याच्या हाताखाली आपल्या गावातली निम्मी प्रकरणं आहेत, त्याला माझी साठीतली आई हा प्रश्न विचारू शकत नाही.

म्हणून मी असं करेन: वकील शेजारच्या तालुक्याचा. घर पाचोऱ्याला असेल तर भडगावचा, घर यावलला असेल तर भुसावळचा. भाषा तीच, फेरफाराची अक्षरं तीच, पण पंगत वेगळी. त्याची सनद बघायची आणि सर्च रिपोर्टवर "घेणाऱ्यासाठी तयार केला" असं लिहून घ्यायचं. वकिलांना जाहिरात करायला बंदी आहे, त्यामुळे नेटवर चकचकीत पान असलेला तो चांगला, हा हिशेब इथे चालत नाही. ज्यांनी अलीकडे घर घेतलं त्यांनाच विचारावं लागतं.

तापीकाठ

शेजारच्या तालुक्याचा चालेल. पण तो स्वतः त्या कार्यालयात जाऊन सूची बघणार असेल तरच, कारकून पाठवणार असेल तर नाही. आणि त्याने घर डोळ्यांनी बघायला हवं. गावठाणातल्या धाब्याच्या घराला बऱ्याच ठिकाणी मिळकत पत्रिका नसते, हातात फक्त ग्रामपंचायतीचा नमुना आठ असतो, आणि तो कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नाही. तिथे चतुःसीमा हाच आधार. पूर्वेस अमक्याचं घर लिहिलंय आणि पूर्वेला आज बोळ आहे, तर तो बोळ कुणी सोडला हे शेजारच्या म्हाताऱ्या बाबांना विचारावं लागतं.

गिरणाथडी

एवढं सगळं गावठाणाला ठीक आहे. फ्लॅटचं माझं म्हणणं मी सोडत नाही. पण एक मानतो: ५०० च्या स्टॅम्पवर नोटरी केलेल्या सौदापावतीवर आमच्याकडे लोक लाखांत इसार (आगाऊ रक्कम) देतात, ते बंद व्हायला हवं. वकिलाकडे जायचंच असेल तर इसाराच्या आधी जा. पैसे दिल्यावर गेलात तर तोही काय करणार?

तापीकाठ

यावर आपलं एकमत आहे. पांझराताई, त्या वकीलबाईंनी तुमच्याकडून पहिल्या भेटीत कोणकोणते कागद मागितले होते, तेवढं लिहाल का? माझ्या मावशीचं घर याच महिन्यात विकायचं आहे, आणि त्याही तिघी बहिणी आहेत.

पांझरा

वडिलांचा मृत्यू दाखला, घराचं मूळ खरेदीखत, मिळकत पत्रिका, वारस नोंदीचा फेरफार, घरपट्टीची पावती आणि सगळ्या भावंडांची आधार कार्डं. मूळ खरेदीखत भावाच्या वकिलाकडे अडकलं होतं, तर त्यांनी दुय्यम निबंधकाकडून त्याची नक्कल काढून घेतली. मावशींना एकटीने जाऊ देऊ नका, तिघींना एकत्र न्या.