अनुभव धागा: पिशवी घेऊन कुणाच्या दारात गेलात तेव्हा

वसईची वाडी

२७ सप्टेंबरला संत विन्सेंट डी पॉलचा सण. त्यानिमित्त हा धागा. धर्मग्रामातल्या, म्हणजे आपापल्या चर्चच्या, सेवाकार्याला तुम्ही कधी हात लावला असेल, एसव्हीपीत, लेजिअन ऑफ मेरी या प्रार्थना-सेवेच्या मंडळात किंवा नुसतं नाताळच्या आधी पाकिटं भरायला, तर लिहा. कॅथलिक असायलाच हवं असं नाही. फक्त भाषण नको, जे घडलं ते लिहा.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: एसव्हीपी म्हणजे सेंट विन्सेंट डी पॉल सोसायटी. १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम या वीस वर्षांच्या पोराने आणि त्याच्या मित्रांनी ती काढली. वादसभेत कुणीतरी डिवचलं होतं, 'तुमचं चर्च आज गरिबांसाठी करतं काय?' उत्तर म्हणून ही मंडळी घराघरांत जायला लागली. आजही नियम तोच आहे. घरी जायचं, आणि एकट्याने नाही, जोडीने जायचं.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा सोळा वर्षांची होते. सोबत आमच्या आळीतल्या काकी. वाटेत त्यांनी बजावलं, "पिशवी दारात पुढे करायची नाही. आत जायचं, बसायचं, पाणी मागायचं." मला तहान नव्हती, तसं म्हटलंही. "तहानेचा काय संबंध?" म्हणाल्या.

एक म्हातारे बाबा होते, एकटेच. काकींनी पाणी मागितल्यावर त्यांनी धुतलेला पेला पुन्हा धुतला, सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि दिला. मग अर्धा तास मिठागरातल्या कामाच्या गोष्टी. तांदूळ-डाळीची पिशवी तेवढा वेळ काकींच्या पायाशी. मी घड्याळ बघत होते, खरं सांगते. निघताना काकींनी पिशवी उचललीच नाही. बाबांनीही हाक मारून 'विसरलात' म्हटलं नाही.

नालासोपारा पूर्व

आमच्याकडे दर आठवड्याला मीटिंग होते. प्रार्थना, थोडं वाचन, मागच्या भेटींचा हिशोब, आणि शेवटी गुप्त पिशवी फिरते. कापडी, तोंडाला नाडी. मूठ मिटून आत घालायची, उघडायची, बाहेर काढायची. कुणी काय टाकलं ते कुणाला कळत नाही. नोकरी सुटली होती त्या सात महिन्यांत मी रिकामी मूठ घालत होतो. इतकंच.

दुसरी मिस्सा

माझा अनुभव गोड नाही, तरी लिहितो.

२०१८ च्या जुलैत वसईत पाणी भरलं, गाड्या बंद, वीज गायब. पाणी ओसरल्यावर चर्चच्या हॉलमध्ये जुने कपडे यायला लागले. मी सॉर्टिंगला होतो. काय काय आलं म्हणून सांगू! लग्नातली जरीची शेरवानी. बटणं तुटलेले शर्ट. एकाच पायाची चप्पल, ती दोन वेगवेगळ्या घरांतून. एका पिशवीत ओले पडदे निघाले. म्हणजे त्यांच्याकडेही पाणी शिरलेलं, वाळत घालण्यापेक्षा दान केलेले बरे. आमच्यातल्या बायांनी शेवटी नियम केला: स्वतःच्या बहिणीला देशील का? नाही ना, मग बाजूला काढ. अर्ध्याहून जास्त ढीग बाजूला गेला.

त्याच वेळी एका देणगीदाराने धान्याच्या किट दिल्या आणि वाटपाचे फोटो मागितले. मोबाइल माझ्या हातात. एक बाई किट घेताना पदर तोंडावर ओढून भिंतीकडे वळली. मी म्हणालो, "ताई, जरा इकडे." ती वळली. फोटो निघाला. रात्री घरी बघितला आणि पुसून टाकला, बाकीचेही पाठवले नाहीत. त्या माणसाकडून पुढे पैसे आले नाहीत, आणि कमिटीत मला बोलणी बसली. बरोबरच होती, कारण त्या पैशांत आणखी किती घरांना किट देता आल्या असत्या. मला अजून ठरवता आलेलं नाही.

मेलबर्नकर सांगलीचा

मी हिंदू. इथे याच सोसायटीला सगळे 'विनीज' म्हणतात, त्यांची जुन्या वस्तूंची दुकानं गावोगाव आहेत. शनिवारी कपडे लावायला जायचो. आईला फोनवर सांगितलं तर पहिला प्रश्न, "बाटवतील का रे तुला?" चार वर्षांत मला विचारलेला सगळ्यात धार्मिक प्रश्न म्हणजे 'चहात दूध घेतोस का?'

वरच्या शेरवानीवरून हसलो. इथे फुटक्या टोस्टरचा ढीग असतो, माणूस सगळीकडे सारखाच.

२०२० मध्ये परदेशी विद्यार्थ्यांची हॉटेलातली कामं गेली आणि सरकारी पगार-मदतीतही त्यांचं नाव नव्हतं. तेव्हा मी जेवणाची पाकिटं द्यायला उभा राहायचो. रांगेत एक मुलगा फोनवर बोलत होता, "हो आई, जेवलो. हो, भातच केला." पाकीट अजून माझ्या हातात होतं. मी त्याच्याशी इंग्रजीतच बोललो. मराठीत बोलायला हवं होतं का? बायको म्हणते हो. मला वाटतं, त्या दिवशी त्याला तिथे गाववाला नको होता.

पलीकडच्या बाजूचा

सगळे देणाऱ्या बाजूने लिहिताय, म्हणून मी.

वडील गेले तेव्हा मी सातवीत. महिन्यातून एकदा दोन अंकल यायचे. जूनमध्ये वह्या, दप्तर, फी. त्यांची मोटरसायकल वाजली की आई खुर्ची पुसायला धावायची आणि मी गच्चीवर. वाईट नव्हते ते. एकाने तर मी समोर नसताना माझी गणिताची वही तपासली होती, आईने दाखवली म्हणून. खाली लाल पेनने लिहिलेलं, 'भागाकारात घाई'. ती घाई खरीच होती, म्हणून जास्त राग आला.

आज पगार बरा आहे. चर्चमधल्या सेंट अँथनीच्या दानपेटीत दर महिन्याला पैसे टाकतो. एसव्हीपीवाले तीनदा बोलवून गेले, भेटींना ये म्हणाले. जमत नाही. जिना चढताना मला वरून बघणारा पोरगाच दिसतो. कुणी म्हणेल अशाच माणसाने जायला हवं. म्हणू दे.

वसईची वाडी

@पलीकडच्या बाजूचा, नका जाऊ. वह्यांची यादी करायला माणूस लागतोच. ते काम घरी बसून होतं, आणि त्यात भागाकारही लागतो.

गरज नसताना मदत मागणाऱ्या खोट्या केसेसचं कुणीतरी खाजगी निरोप पाठवून विचारलंय. येतात. एका घरी भिंतीवर आमच्यापेक्षा मोठा टीव्ही होता. चौकशी केली तर टीव्ही हप्त्यावरचा, आणि हप्त्यांपायीच घरचा किराणा बंद पडलेला. द्यावं की नाही यावर मीटिंगमध्ये तासभर भांडलो. दिलं.

आणि त्या काकी. आता त्या स्वतःच अंथरुणाला खिळल्यात. परवा जोडीदारीण घेऊन भेटायला गेले. शिकवल्याप्रमाणे आत गेले, बसले, पाणी मागितलं. काकी माझ्या हातांकडे बघत म्हणाल्या, "मेले, पिशवी कुठाय?"