शब्दचर्चा : 'शरीरसंबंध', 'लग्न होणे' आणि 'लग्न करणे'

जुन्या लग्नपत्रिकांत 'यांचा शरीरसंबंध करण्याचे योजिले आहे' असं बिनदिक्कत छापलेलं दिसतं. आज कोणी छापलं तर पत्रिका घरोघर लपवून ठेवतील! तेव्हा हा शब्द कोणालाच खटकत नसे का? शिवाय 'लग्न' आणि 'विवाह' यांत फरक काय?

प्रतिसाद

खटकायचं कारण नव्हतं. शरीरसंबंध म्हणजे सोयरीक. इतिहासाच्या लिखाणात 'अमुक घराण्याशी शरीरसंबंध होता' हे वाक्य अजूनही भेटतं. नातं जुळायचं ते घराण्यांचं.

'विवाह' वह् धातूवरून आला : वधूला वाहून नेणं. 'लग्न' म्हणजे लागलेलं, चिकटलेलं. ज्योतिषात त्या घटकेला पूर्वेला उगवणारी रास. थोडक्यात लग्न ही वेळ. वेळ मोजायचं घटिकापात्र पाण्यात बुडेपर्यंत 'सावधान' चालायचं ते त्यासाठी. वेळेचं नाव समारंभाला आणि समारंभाचं पुढच्या सगळ्या सहजीवनाला मिळालं. 'आमचं लग्न टिकलं' हे वाक्य मला तरी अलीकडचं वाटतं. आधी टिकायचा तो संसार, आणि लग्न मोडायचं ते नुसतं ठरलेलं, अजून न लागलेलं.

प्रतिसाद

नामापेक्षा क्रियापदं बघा. बाप लग्न लावून देतो, भटजी लग्न लावतो, मुलीचं लग्न 'होतं'. 'मी लग्न केलं' म्हटलं की आमच्याकडे पुढचा प्रश्न ठरलेला : घरच्यांना पसंत होतं ना?

बायकोनं नांदायला यावं म्हणून नवऱ्यानं भरलेला रखमाबाईंचा खटला याच फरकावर उभा होता. अकराव्या वर्षी 'झालेलं' लग्न त्यांनी मानलं नाही. 1885 मध्ये निकाल त्यांच्या बाजूनं लागला, पण अपिलानंतर 1887 मध्ये कोर्टानं सांगितलं : नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. त्यांनी तुरुंगाची तयारी दाखवली. शेवटी तडजोड झाली आणि पुढे त्या विलायतेहून डॉक्टर होऊन आल्या. 'नांदणे' हे क्रियापद मात्र कोर्टकज्ज्यांच्या बोलीत अजून ठाण मांडून आहे.

प्रतिसाद

पाट राहिला की! विधवेचं दुसऱ्यांदा झालं तर ते लग्न नव्हे, पाट किंवा म्होतूर. पुरुष बिजवर असला तरी त्याचं मात्र लग्नच. 'पुनर्विवाह' हा सुधारकांचा शब्द. विधवाविवाहाच्या 1856 च्या कायद्याची गरज मुख्यतः वरच्या जातींना होती, बाकी अनेक जातींत पाट आधीपासून लागतच होता.

प्रतिसाद

गोव्यात तर आधी सरकारी नोंदणी. इरादा नोंदवायचा, मग ठरल्या मुदतीनंतर पुन्हा सही. कायद्यानं नवरा-बायको झाले, तरी मांडवात अक्षता पडेपर्यंत 'लग्न व्हायचंय' म्हणणारी घरं आहेतच.

प्रतिसाद

जाता जाता, 'घटस्फोट' हा मूळचा मडकं फोडून माणसाला जातीबाहेर टाकण्याचा विधी. नवरा-बायकोच्या फारकतीला 'काडीमोड' हा कितीतरी नेमका शब्द होता. काडी मोडली, दोघं मोकळे. कोणी वाळीत पडत नाही. कायद्याच्या मराठीनं तोच उचलायला हवा होता.